एक्सएफसीई तेच ठेवून आयथ्री कसं बसवायचं

लातूरच्या मार्केट यार्डात आमचं अडतीचं दुकान आहे. सौदे सासरे बघतात, पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचे मालाचे हिशेब, मी काढते. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की दुपारभर माझ्या स्क्रीनवर सात-आठ विंडो एकमेकींच्या अंगावर पडलेल्या असतात. काट्याच्या चिठ्ठ्यांचे फोटो, सौद्याची शीट, पट्टीची शीट, ब्राउझर, आणि कायम कुठंतरी दडून बसलेला कॅल्क्युलेटर. कॉम्प्युटर जुनाच आहे, चार जीबी रॅमचा, मॉनिटर १३६६ बाय ७६८. त्यावर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवालं.

मागच्या हंगामात एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याचं वजन छापलं गेलं. दोघं एकाच गावचे, माल सोयाबीनच, भावही तोच. चिठ्ठीच्या फोटोवर शीट आली होती, मी अंदाजानं मागची विंडो पुढं घेतली, ती निघाली भलतीच. १८ क्विंटल ४० किलोच्या जागी १३ क्विंटल ८०. त्यांनी पट्टी हातात घेतली, आकडा वाचला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, माझे कट्टे बत्तीस होते. हे चोवीसाचं वजन हाय." माझे कान तापले. पट्टी फाडली, नवी काढली, सासऱ्यांनी चहा मागवला, विषय तिथंच मिटला. पण मला तो विषय मिटवायचा नव्हता. चिठ्ठी आणि शीट या दोन गोष्टी एकमेकींना झाकूच शकणार नाहीत, अशी सोय हवी होती.

त्यालाच टाइलिंग म्हणतात, आणि ते करणारा प्रोग्राम म्हणजे आयथ्री. विंडो उघडली की ती रिकाम्या जागेत फरशीसारखी बसते. दुसरी उघडली की पहिली सरकून जागा करून देते. कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही.

हे काम मी येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, केलं. सकाळी सगळे शेतात, कोपीत पूजा, भज्जी, उंडे, आंबील. संध्याकाळी घरी आल्यावर अंग जड झालेलं, दुकान बंद, फोन बंद. अशा दिवशीच करा. पट्ट्यांच्या गर्दीत करू नका.

लिनक्सवर डेस्कटॉप म्हणजे एकच मोठा प्रोग्राम असतो असं मला आधी वाटायचं. एक्सएफसीईत तसं नाही. खालची पट्टी, म्हणजे पॅनेल, हा एक प्रोग्राम. वॉलपेपर आणि आयकॉन दाखवणारा एक्सएफडेस्कटॉप हा दुसरा. थीम, कीबोर्ड, माउस सांभाळणारा एक्सएफसेटिंग्जडी तिसरा. आणि विंडोंना चौकट लावून त्या इकडून तिकडे हलवणारा विंडो मॅनेजर, एक्सएफडब्ल्यूएम४, हा वेगळाच. वाड्यात चार भाऊ वेगळं रांधतात तसं. त्यामुळे यातल्या एकालाच बाहेर काढून त्याच्या जागी दुसरा आणता येतो आणि बाकीच्यांना कळतही नाही. वायफायचं चिन्ह, आवाज, प्रिंटर, बॅटरी सगळं जिथल्या तिथं राहतं. नुसतं आयथ्री घेतलं असतं तर हे सगळं एकेक करून स्वतः जोडावं लागलं असतं. तेवढा वेळ माझ्याकडे नाही.

आयथ्री हा विंडो मॅनेजर मायकेल स्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केला. बीएसपीडब्ल्यूएम, ऑसम, एक्समोनॅड असे इतरही आहेत. मी आयथ्री घेतलं कारण त्याची सगळी मांडणी एकाच साध्या फाइलीत असते आणि ती फाइल वाचून समजते.

आधी एक तपासा. तुम्हाला फक्त दोन विंडो शेजारी-शेजारी हव्या असतील तर यातलं काहीच करू नका. एक्सएफडब्ल्यूएम४ लाही अर्धा स्क्रीन करता येतो: विंडो ओढून डाव्या किंवा उजव्या कडेला टेकवायची. सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर, त्यात कीबोर्डचा टॅब, तिथं डावीकडे-उजवीकडे टाइल करायच्या कळाही ठरवता येतात. मी महिनाभर तेच वापरलं. पण तिसरी विंडो उघडली की ती पुन्हा दोघींच्या उरावर.

आता काम. नावं मी बोलते तशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजीत, स्मॉल अक्षरांत.

पहिल्यांदा नवीन युजर खातं तयार करा. सेटिंग्जचे सगळे बदल त्या खात्याच्या होम फोल्डरातच होतात, त्यामुळे घरातल्या किंवा दुकानातल्या दुसऱ्या माणसाचं खातं जसंच्या तसं राहतं. सासरे संध्याकाळी याच कॉम्प्युटरवर बाजारभाव बघतात. त्यांची खिडकी हलली असती तर मला येळवशीचं उरलेलं आंबीलही मिळालं नसतं.

मग सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयथ्री-डब्ल्यूएम हे पॅकेज घ्या. नुसतं आयथ्री नावाचंही एक पॅकेज आहे, पण ते सोबत सूचना दाखवणारा डन्स्ट आणि इतर गोतावळा घेऊन येतं. सूचना दाखवायला एक्सएफसीईचा आपला प्रोग्राम आहेच, एका कामाला दोन माणसं कशाला. एक जपा: यानंतर लॉगिनच्या पानावर आयथ्री असं वेगळं सेशन दिसू लागतं. ते निवडायचं नाही. आपण नेहमीच्या एक्सएफसीई सेशनमध्येच जायचं.

नव्या खात्यात लॉगिन करा आणि सगळ्या विंडो बंद करा. सेटिंग्ज मॅनेजरमध्ये सेशन अँड स्टार्टअप उघडा. करंट सेशन या टॅबमध्ये चालू असलेल्या प्रोग्रामची यादी दिसते, शेजारी रीस्टार्ट स्टाइल असा रकाना. एक्सएफडब्ल्यूएम४ च्या समोर क्लिक करून तिथं नेव्हर निवडा. एक्सएफडेस्कटॉपलाही नेव्हर, नाहीतर वॉलपेपरवाला प्रोग्राम स्वतःच एक विंडो बनून मध्ये लुडबुडतो. पुढं अॅप्लिकेशन ऑटोस्टार्टच्या टॅबमध्ये अधिकचं चिन्ह दाबून नवीन नोंद करा: नाव काहीही, कमांडच्या जागी फक्त आयथ्री. मग करंट सेशनमध्ये परत येऊन सेव्ह सेशन. शेवटी जनरलच्या टॅबमध्ये लॉगआउट करताना सेशन आपोआप साठवायची खूण असेल तर काढून टाका. ती राहिली की एखाद्या दिवशी चुकीचं सेशन साठवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय बिघडलं ते शोधत बसावं लागतं.

अजून एक काम लॉगआउटच्या आधीच करून घ्या. मी नंतर केलं आणि अर्धा तास डोकं धरून बसले. मिंटमध्ये विंडोजच्या खुणेची कळ, म्हणजे सुपर, नुसती दाबली की मेनू उघडतो. आयथ्रीचे सगळे हुकूम याच कळेवर चालतात. मेनूनं ती आधीच धरून ठेवली असेल तर आयथ्रीपर्यंत काही नीट पोचत नाही. मी सुपर आणि एंटर दाबायची आणि मेनू वर यायचा. सेटिंग्ज, कीबोर्ड, अॅप्लिकेशन शॉर्टकट्स या यादीत नुसत्या सुपरची नोंद शोधून काढून टाका. सुपर अधिक एखादं अक्षर अशा नोंदीही तिथं असतील, त्यातल्या आयथ्रीच्या आड येणाऱ्या काढा. मेनूसाठी कंट्रोल-एस्केप द्या.

लॉगआउट, लॉगिन. स्क्रीन काळा होईल, खाली पॅनेल दिसेल आणि मधोमध एक छोटा चौकोन विचारेल की तुमच्यासाठी कॉन्फिग फाइल तयार करू का. एंटर. मग तो विचारतो, मुख्य कळ विन की आल्ट? विन घ्या. लिबरऑफिसमध्ये आल्टवर मेनू उघडतात, ती कळ दिली तर रोज भांडण.

आता जे दिसेल त्याला घाबरायचं नाही. विंडोला फुली नाही, खाली टाकायचं बटण नाही, आल्ट-टॅब आणि आल्ट-एफ४ चालत नाहीत, कारण त्या कळा एक्सएफडब्ल्यूएम४ च्या होत्या आणि तो गेला. विंडो बंद करायला सुपर-शिफ्ट-क्यू. टर्मिनलला, म्हणजे हुकूम टाइप करायच्या विंडोला, सुपर-एंटर. एका विंडोतून दुसरीत जायला सुपर आणि बाण, विंडो उचलून दुसरीकडे ठेवायला त्यातच शिफ्ट. सुपर-एफनं एकच विंडो पूर्ण स्क्रीन, परत दाबलं की जागेवर. सुपर आणि १ ते ० या दहा वर्कस्पेस, म्हणजे जणू दहा वेगळे स्क्रीन. शिफ्ट धरून आकडा दाबला की हातातली विंडो त्या वर्कस्पेसला रवाना.

मांडणी कशी होते ते एकदा हातानं करून बघा, वाचून कळत नाही. मी माझंच सांगते. रिकाम्या वर्कस्पेसवर काट्याच्या चिठ्ठीचा फोटो उघडते, तो पूर्ण जागा घेतो. मग पट्टीची शीट उघडते. फोटो डावीकडे अर्धा होतो, शीट उजवीकडे अर्धी, ६८३ पिक्सेलच्या आसपास प्रत्येकी. चिठ्ठीला एवढी जागा लागत नाही, तर सुपर-आर दाबून बाणांनी फोटो अरुंद करते आणि एस्केप. मधली रेघ माउसनं ओढली तरी चालतं. आता तिसरी विंडो उघडली तर तीन उभ्या चिरफळ्या होतील, त्या १३६६ च्या स्क्रीनवर कामाच्या नाहीत. म्हणून उजव्या शीटवर असतानाच सुपर-व्ही दाबते, म्हणजे या खणात आता वर-खाली रच. मग सौद्याची शीट उघडली की ती पट्टीच्या खाली बसते, डावीकडचा फोटो हलत नाही. आणि दोन शीट वर-खाली फार बुटक्या वाटल्या तर सुपर-डब्ल्यू: दोन्ही एकाच जागेत, वर वहीच्या पानांसारखे दोन टॅब. परत पसरायला सुपर-ई. आडवं रचायला सुपर-एच. माझ्या रोजच्या कामातलं नव्वद टक्के एवढ्यावर भागतं. लिबरऑफिसचा उजवीकडचा साइडबार कंट्रोल-एफ५ नं लपवा, छोट्या खणात तो उगाच जागा खातो.

आता कॉन्फिग फाइल. फाइल मॅनेजरमध्ये होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबा, लपलेली फोल्डर दिसतील. डॉट-कॉन्फिग, त्यात आयथ्री, त्यात कॉन्फिग. आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा. मग साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं की ती ओळ मेली, पुसायची गरज नाही. बदल केला की सेव्ह करून सुपर-शिफ्ट-आर; आयथ्री जागच्या जागी पुन्हा सुरू होतं, उघडं काम तसंच राहतं. ओळ चुकली असेल तर वर लाल पट्टी येते.

फाइलीच्या तळाशी बार असा शब्द आणि महिरपी कंसातला तुकडा आहे, तो आयथ्रीचा स्वतःचा पट्टा. आपल्याकडे एक्सएफसीईचं पॅनेल आहे, म्हणून तो अख्खा तुकडा हॅशखाली. वरच्या भागात एक्झेकनं सुरू होणाऱ्या ओळींत एनएम-अॅपलेट, डेक्स, एक्सएसएस-लॉक दिसतील, त्याही हॅशखाली. ती कामं एक्सएफसीई आधीच करतंय, ठेवल्या तर वायफायसारख्या गोष्टी दोन-दोनदा सुरू होऊ बघतात.

सुपर-शिफ्ट-ई ही कळ मुळात आयथ्री बंद करते. आयथ्री बंद झालं आणि सेशन चालूच राहिलं की विंडो उघड्याबोडक्या पडतात. त्या ओळीत कळेच्या पुढचं सगळं काढून एक्झेक एक्सएफसीई४-सेशन-लॉगआउट एवढं लिहा. लॉगआउट, रीस्टार्ट, शटडाउनची ओळखीची चौकट येईल.

फॉन्टची ओळ मोनोस्पेस ८ अशी असते. आपल्या फाइलींची नावं मराठीत, त्या मापात काना-वेलांट्या एकमेकींत मिसळतात. मी तिथं नोटो सॅन्स देवनागरी १० लिहिलंय. पट्टी-सोयाबीन आणि पट्टी-तूर आता लांबूनही वेगळं वाचता येतं.

यानंतरची गोष्ट मराठी लिहिणाऱ्यांसाठीच. टायपिंगला आयबस वापरत असाल तर भाषा बदलायची त्याची मुळातली कळ आहे सुपर-स्पेस. आणि आयथ्रीत सुपर-स्पेस म्हणजे तरंगत्या विंडोतून बसक्या विंडोत जाणं. दोघांनी एकाच कळेवर हक्क सांगितला की एकाला उपाशी राहावं लागतं. माझ्याकडे मराठीच येईना. शेतकऱ्याचं नाव टाकायला गेलं की इंग्रजी अक्षरं. कॉन्फिगमध्ये फोकस मोड_टॉगल असलेली ओळ शोधून हॅश टाकला आणि मराठी परत आली. त्या ओळीचं काम मला कधी पडलं नाही. ज्यांना आयबस नको, कीबोर्ड लेआउटच बदलून इनस्क्रिप्ट लिहायचं आहे, त्यांच्यासाठी कळांच्या ओळींच्या सुरुवातीला असलेल्या बाइंडसिम या शब्दाच्या जागी बाइंडकोड आहे. त्यात अक्षराऐवजी कळेचा क्रमांक देतात, म्हणजे लेआउट कुठलाही असो, कळ तीच राहते.

पण माझ्या हिशेबी सगळ्यात महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. आयथ्रीत माउस ज्या विंडोवर, टायपिंग त्या विंडोत. क्लिक करायची गरज नाही. ऐकायला छान, अडतीच्या दुकानात घातक. हमाल टेबलावर चिठ्ठी ठेवायला हात टाकतो, माउस इंचभर सरकतो, आणि पट्टीत टाकायचं वजन सौद्याच्या शीटमध्ये जाऊन बसतं. म्हणजे ज्या चुकीसाठी हा खटाटोप केला, तीच मागच्या दारानं घरात. पहिल्याच आठवड्यात एकदा होता होता वाचलं. कॉन्फिगमध्ये कुठंही नवीन ओळ टाका: फोकस_फॉलोज_माउस नो. शब्दांच्या मधल्या खालच्या रेघा विसरू नका.

कॅल्क्युलेटरला अर्धा स्क्रीन देणं म्हणजे उंदराला वाडा देणं. त्याच्यासाठी आयथ्रीत स्क्रॅचपॅड आहे, म्हणजे नजरेआडचा एक खण. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप लिहून एंटर मारा, माउसचं अधिक चिन्ह होईल, त्यानं कॅल्क्युलेटरवर क्लिक करा. आलेल्या मजकुरात डब्ल्यूएम_क्लासच्या ओळीत अवतरणात दोन नावं असतात, दुसरं उचला. मग कॉन्फिगमध्ये लिहा: फॉर_विंडो, एक जागा सोडून चौकोनी कंसात क्लास, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात ते नाव जसंच्या तसं, कंस संपला की मूव्ह स्क्रॅचपॅड. आता कॅल्क्युलेटर उघडला की दिसेनासा होतो, आणि सुपर-वजा दाबलं की स्क्रीनच्या मधोमध तरंगत येतो. हमाली-तोलाईची बेरीज केली, परत सुपर-वजा, गेला. अशीच एखादी विंडो नुसती तरंगती हवी असेल तर त्या ओळीत शेवटी फ्लोटिंग एनेबल. प्रिंटच्या आणि शोधायच्या चौकटी आपोआप तरंगतात, त्यांच्यासाठी काही करावं लागलं नाही.

वॉलपेपर मी लावला नाही. एक्सएफडेस्कटॉप बंद असल्यामुळे हवा असेल तर फे नावाचा छोटा प्रोग्राम वापरावा लागतो. व्हिडिओ बघताना चित्र फाटल्यासारखं दिसलं तर पिकॉम बसवा; ते काम आधी एक्सएफडब्ल्यूएम४ करायचा.

सगळंच बिनसलं, लॉगिन केल्यावर काही सुचेना, तर कंट्रोल-आल्ट-एफ२. काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड टाकून आत जा आणि होममधल्या डॉट-कॅश फोल्डरात सेशन्स म्हणून फोल्डर आहे, त्यातल्या फाइली काढून टाका. साठवलेलं सेशन गेलं की एक्सएफसीई मूळ यादीवर येतं, एक्सएफडब्ल्यूएम४ परत उभा राहतो, आणि दुसरा मॅनेजर आधीच हजर आहे हे बघून आयथ्री स्वतः माघार घेतं. मग ऑटोस्टार्टमधली खूण काढा.

एक्सएफसीई नसेल तर थोडक्यात. मॅटे आणि एलएक्सक्यूटीतही विंडो मॅनेजर बदलता येतो. एलएक्सक्यूटीत तर सेशन सेटिंग्जमध्ये सरळ निवडायची सोय आहे. ग्नोम आणि सिनॅमनमध्ये तो डेस्कटॉपच्या पोटातच असतो, काढता येत नाही. ग्नोमवर पॉप शेल किंवा फोर्ज अशी एक्स्टेन्शन मिळतात, आणि उबुंटू २३.१० पासून टायलिंग असिस्टंट सोबतच येतं. केडीई प्लाझ्मात ५.२७ पासून सुपर-टी दाबून स्क्रीनचे खण आखता येतात, मग शिफ्ट धरून विंडो त्या खणात सोडायची. आणि आयथ्री एक्स११ या स्क्रीनवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवरच चालतं. तिच्या जागी आलेल्या नव्या वेलँडवर असाल तर आयथ्रीच्याच धाटणीचं स्वे आहे, पण तो वेगळा संसार.

सासरे परवा माझ्या मागं उभं राहून बघत होते. "काय करायलीस गं? तो कॅल्क्युलेटर असा भुतासारखा येतोय जातोय." मग म्हणाले, माझ्याकडं पण आण की तो. त्यांच्या खात्यात आयथ्री नाही आणि बसवणारही नाही. कीबोर्डच्या अॅप्लिकेशन शॉर्टकट्समध्ये कॅल्क्युलेटरला एफ१२ दिली आणि त्या कळेवर लाल टिकली चिकटवली.